हरताळ कोणाच्या नांवावर?

वाचकहो, कचेऱ्यांतून हल्लीं एक नवा शब्द हिंडूं लागला आहे. शब्द आहे 'रिडॅक्ट'. दहा रुपये भरून कोणी कागद मागतो, महिनाभर वाट पाहतो, आणि हातीं येतो तो कागद ओळीमागून ओळ काळ्या पट्टीनें झांकलेला. "साहेब, हें काय?" असें विचारावें तर उत्तर मिळतें, "तेवढा भाग रिडॅक्ट केला आहे." विचारणारा गप्प बसतो. शब्द कळला नाहीं म्हणजे गरीब माणसाला वाटतें कीं उणीव आपलीच आहे. साहेब एवढा मोठा शब्द बोलला तेव्हां त्यामागें मोठा कायदाही असलाच पाहिजे. दहा रुपये आणि एका दिवसाची मजुरी बुडवून तो तलासरीच्या किंवा कासा-गंजाडच्या गाडीला उभा राहतो.

अशा शब्दांपुढें गप्प बसण्याची संवय आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या लावली गेली आहे. पूर्वीं तो शब्द संस्कृत असे, मग फारसी आला, मग इंग्रजी आला. शब्द बदलले, त्यांच्यापुढें खालीं घातलेली मान तीच राहिली. म्हणून आज आम्ही या रिडॅक्ट महाशयांची झडती घेणार आहों. घरांत परका शिरला तर आधीं त्याला नांव-गांव विचारावें, मग त्याला पाट द्यावा कीं दार दाखवावें तें ठरवावें.

हा शब्द मूळचा रोमन लोकांच्या लॅटिन भाषेचा. त्या भाषेंत 'आगेरे' म्हणजे हांकणें. गुराखी गुरें हांकतो तें हांकणें. संस्कृतांतला 'अज्' हा हांकण्याचा धातु त्याचाच सख्खा भाऊ, असें भाषा जाणणारे सांगतात. त्याच्या आधीं 'परत' या अर्थाचा उपसर्ग लागून 'रेदिगेरे' असें क्रियापद झालें: परत हांकणें, पांगलेलें गोळा करून ठिकाणीं आणणें. सांजवेळीं रानांतून गुरें वळवून गोठ्यांत आणणाऱ्या पोराचें जें काम, तेंच या शब्दाचें मूळ काम. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. शब्दाचा जन्म चांगल्या कष्टाळू घरांत झाला.

पुढें हा शब्द सावकाराच्या ओटीवर गेला. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं होरेस नांवाच्या रोमन कवीनें एका सावकाराची टिंगल केली आहे. हा सावकार शेतीच्या साध्या सुखाचें तोंडभर गुणगान करतो, आतां सगळा धंदा सोडून शेतकरी होणार असें म्हणतो, महिन्याच्या मध्यावर लोकांकडची सगळी रक्कम गोळा करतो, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला तीच रक्कम पुन्हां व्याजीं लावण्याच्या खटपटीला लागतो. रक्कम गोळा करण्यासाठीं कवीनें जें क्रियापद योजलें तें हेंच. डहाणूच्या वाचकाला हा सावकार ओळखीचा वाटला तर त्यांत आमचा दोष नाहीं.

मग हा शब्द लिहिणाऱ्यांच्या घरीं आला. विखुरलेला मजकूर गोळा करून नीट लावणें या अर्थानें इंग्रजींत तो पंधराव्या शतकापासून आहे. फ्रेंच व जर्मन भाषांत वर्तमानपत्राच्या संपादकाचें नांव आजही याच धातूपासून झालेलें आहे. सर्वांत शेवटीं, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, कागदांतला मजकूर झांकून मग तो कागद बाहेर सोडणें हा अर्थ इंग्रजींत रूढ झाला. गोळा करणारा शब्द झांकणारा झाला. गुरें गोठ्यांत आणणाऱ्या पोराला कोणी शिकवावें कीं दार लावून घे, आणि मालक गुरें मोजायला आला तरी उघडूं नकोस, तशांतला हा प्रकार.

याचा जोडीदार 'सेन्सॉर' हाही रोमचाच. तेथें सेन्सॉर हा मोठा अधिकारी असे. लोकांची व त्यांच्या मालमत्तेची मोजदाद करणें आणि त्यांच्या चालचलणुकीवर नजर ठेवणें हीं दोन कामें त्याच्याकडे असत. म्हणून खानेसुमारीला इंग्रजींत जो 'सेन्सस' शब्द आहे तो आणि सेन्सॉर हे एकाच घरचे. ज्याच्या हातीं मोजण्याची वही, त्याच्याच हातीं खोडण्याची लेखणी, ही गोष्ट त्या लोकांनीं शब्दांतच कबूल करून ठेवली आहे. आमच्या सरकारी पंडितांनीं सेन्सॉरसाठीं 'अभ्यवेक्षण' आणि 'परिनिरीक्षण' असे शब्द काढले. महाराष्ट्रांत नाटकाची संहिता तपासणाऱ्या मंडळाचें नांव 'रंगभूमि प्रयोग परिनिरीक्षण मंडळ' असें आहे. हें नांव उच्चारून होईपर्यंत नांगराचें एक तास पुरें होईल. जें काम लोकांना समजूं नये त्याला जडजंबाल नांव ठेवावें, ही युक्ति जुनी आहे.

आतां आम्ही विचारतों, यासाठीं मराठींत शब्द नव्हता काय? होता, आणि आहे. आपल्या आयाबायांच्या तोंडीं तो रोज असतो. पोरानें केल्या कामाची नासाडी केली कीं आई म्हणते, "फासलास ना हरताळ!"

हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक यांच्या संयोगानें झालेलें पिवळें धमक खनिज. संस्कृतांत त्याला हरिताल म्हणतात. तें विषारी आहे. छापखाने नव्हते तेव्हां पोथ्या हातानें लिहीत. कागदाला कसर लागूं नये म्हणून पुष्कळ ठिकाणीं त्याला हरताळाची पिवळी छटा देत. लिहितांना अक्षर चुकलें कीं लेखक त्यावर हरताळाचा लेप फाशी, तो वाळला कीं त्यावर शुद्ध अक्षर लिही. कागदही पिवळा, लेपही पिवळा, म्हणून चूक डोळ्यांत खुपत नसे. यावरून 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार आला. लिहिलेलें बुजवणें हा त्याचा पहिला अर्थ. केलेलें काम, दिलेलें वचन, ठरलेला नियम धुळीस मिळवणें हा मागाहून आलेला.

पोथी लिहिणाऱ्याचा हरताळ आणि कचेरींतली काळी पट्टी यांत फरक काय तो नीट पाहा. लेखक आपली स्वतःची चूक झांकी. कचेरी लोकांच्या कामाचा मजकूर झांकते. लेखक झांकलेल्या जागीं खरें अक्षर लिही. कचेरी ती जागा काळी ठेवते. लेखकाचा हरताळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठीं असे; कचेरीचा हरताळ बहुतेक वेळां लिहिणाऱ्याच्या सोयीसाठीं असतो. लिहिणें म्हणजे पांढऱ्यावर काळें करणें असें आपण म्हणतों. हें काळ्यावर काळें करणें आहे. आणि एक गोष्ट विसरूं नका. ज्या विषानें पोथी किड्यांपासून वांचते त्याच विषानें अक्षर बुजतें. विष एकच, तें कोणाच्या हातीं आहे आणि कशावर लागतें यावर सगळें अवलंबून आहे. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हां येणार आहों.

हरताळ नांवाचा दुसराही एक शब्द आपल्याकडे आहे, आणि गुजरातच्या वेशीवर राहणाऱ्या तलासरीकरांना तो चांगला ठाऊक आहे. गुजरातींत त्याला हडताळ म्हणतात. हाट म्हणजे बाजार आणि ताळें म्हणजे कुलूप. बाजाराला कुलूप लावणें म्हणजे हडताळ. ६ एप्रिल १९१९ रोजीं गांधींच्या सांगण्यावरून देशभर जो पाळला गेला तो हा. पिवळ्या खनिजाशीं याचा संबंध नाहीं. दोघांचा आवाज तेवढा सारखा. एक हरताळ फासतात, दुसरा पाळतात. दुकानदारानें पाळला तर त्याला हरताळ म्हणतात, मजुरानें केला तर संप. या दुसऱ्या हरताळाचीही आपल्याला गरज लागणार आहे.

कागदावर फासलेल्या हरताळाहून मोठा हरताळ वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर फासलेला असतो. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला सगळाच कागद काळा. शेतकऱ्याला अक्षरापासून दूर ठेवलें, मग त्याच्यापुढें अक्षरांचा ढीग टाकला आणि म्हटलें, येथें अंगठा उठव. काय लिहिलें आहे तें सावकाराला ठाऊक आणि त्याच्या कारकुनाला ठाऊक. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतल्या सुपें गांवीं शेतकरी उठले तेव्हां त्यांचा रोख सावकारांच्या खतांवर आणि वह्यांवर होता. जो कागद आपल्याला वाचतां येत नाहीं आणि ज्यानें आपली जमीन जाते, तो त्यांनीं जाळला. चार वर्षांनीं, १८७९ सालीं, सरकारला दक्षिणेंतल्या शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा करावा लागला, आणि शेतकऱ्याचें खत गांवच्या नोंदणी कामगारापुढें लिहिलें जावें असें त्यांत घालावें लागलें. म्हणजे न वाचतां उठवलेला अंगठा ही खरी संमति नव्हे, हें त्या परक्या सरकारलाही उमगलें. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा अशी मागणी केली तिच्या मुळाशीं हेंच होतें.

पण न्यायानें बोलायचें तर हरताळाची वाटी नेहमीं परक्याच्याच हातीं असते असें नाहीं. जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालीं लिहून पुरा झाला. त्यांतलीं पहिलीं दोन प्रकरणें 'दीनबंधु'नें छापलीं आणि पुढचीं छापण्याचें थांबवलें. 'दीनबंधु' तर सत्यशोधकांचेंच पत्र! १८९० सालीं जोतीराव वारले. पुरा 'असूड' त्यांच्या हयातींत ग्रंथरूपानें निघाला नाहीं. शेतकऱ्यासाठीं लिहिलेलें पुस्तक शेतकऱ्याच्या हातीं पडायला कित्येक दशकें लागलीं. भीति कोणाला वाटली, कां वाटली, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों, आपल्या संस्थांनीं, आपल्या ग्रामपंचायतींनीं, आपल्या सोसायट्यांनींही आपल्या वह्या लोकांपुढें उघड्या ठेवाव्या. सरकारकडे उजेड मागायचा आणि आपल्या कपाटाला कुलूप घालायचें, हें शोभत नाहीं.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. डहाणू आणि त्या वेळचा उंबरगांव तालुका येथें जमीनदार व सावकार यांनीं वारल्यांकडून वेठ घेतली. लग्नासाठीं चार पैसे कर्ज काढलें कीं नवराबायको दोघेंही सावकाराच्या घरचीं बांधलेलीं. त्यांना लग्नगडी म्हणत. कर्ज किती, फिटलें किती, याचा हिशेब सावकाराच्या वहींत. वही सावकाराची, लेखणी सावकाराची, आणि पाठ तेवढी वारल्याची. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नांवाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानें या डोंगरी लोकांच्या हालअपेष्टांवर मुंबई सरकारला अहवाल दिला. वेठीचें व कर्जाच्या गुलामीचें वर्णन त्यांत होतें. त्या अहवालावर काळी पट्टी मारण्याची गरजच पडली नाहीं. तो इंग्रजींत होता, मुंबईंत होता, आणि ज्यांच्याविषयीं होता त्यांना वाचतां येत नव्हतें. असा हरताळ सर्वांत स्वस्त पडतो.

वेठ संपली ती त्या अहवालानें नव्हे. २३ मे १९४५ रोजीं झरी गांवीं वारल्यांची परिषद भरली. झरी तेव्हां उंबरगांव तालुक्यांत होतें. आज तें तलासरीत आहे. सुमारें पांच हजार वारली जमले. किसान सभेचे शामराव व गोदावरीबाई परुळेकर तेथें होते. वेठ द्यायची नाहीं, लग्नगडी राहायचें नाहीं, असें ठरलें. तो ठराव लोकांनीं कानांनीं ऐकला आणि तोंडोतोंडीं पाड्यापाड्यावर नेला. त्यावर हरताळ कशाचा फासणार? त्याच वर्षीं पांचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये ही मागणी घेऊन संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें पोलिसांच्या गोळीबारांत पांच आदिवासी मेले. तरी लोक हटले नाहींत. १९४६ सालीं जंगलकामाला रोजीं सव्वा रुपया मिळावा म्हणून पुन्हां संप झाला. सरकारनें परुळेकर पति-पत्नींना जिल्ह्याबाहेर काढलें. कागदावरचें अक्षर पुसतां येत नाहीं तेव्हां सरकार नकाशावरून माणूस पुसूं पाहतें. परंतु वेठ गेली ती गेली. फासलेल्या हरताळाला पाळलेल्या हरताळानें उत्तर दिलें.

हा इतिहास सांगितला तो छाती फुगवण्यासाठीं नव्हे. आज काळ बदलला आहे. सावकाराच्या वहीची जागा कचेरीच्या फाइलीनें घेतली आहे. डहाणू तालुका २० जून १९९१ रोजीं केंद्र सरकारनें पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. डिसेंबर १९९६ मध्यें त्याच्या रक्षणासाठीं निवृत्त न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण नेमलें गेलें. या प्राधिकरणानें १९९८ सालीं वाढवण बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणानें, धर्माधिकारी वारल्यानंतर, ३१ जुलै २०२३ रोजीं वाढवण बंदराला अटी घालून होकार दिला. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघरला बंदराची पायाभरणी झाली. खर्चाचा आंकडा ७६,००० कोटींच्या वर आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्गही डहाणू-तलासरीच्या जमिनींतून जातो.

बंदर व्हावें कीं न व्हावें, हा आजच्या लेखाचा विषय नाहीं. विषय असा आहे कीं १९९८ चा 'नाहीं' आणि २०२३ चा 'होय' हे दोन्ही कागद शेजारीं ठेवून वाचण्याचा हक्क वाढवणच्या मच्छीमाराला आहे कीं नाहीं. समुद्र तोच, खडक तोच, माशांची वीण तीच. मग मत कां फिरलें, हें त्याला त्याच्या भाषेंत कळलें पाहिजे. पण कायद्याची रीत पाहा. मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीसाठीं २००६ च्या अधिसूचनेनें पर्यावरणाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंत द्यावा असें सांगितलें. मूळ अहवाल मात्र इंग्रजींत असला तरी चालतो. शेंकडों पानें इंग्रजींत आणि थोडींशीं मराठींत! जी पानें मराठींत आलीं नाहींत त्यांवर काळी पट्टी नसली तरी आपल्या माणसाला तीं काळींच. अधिसूचनेचा नवा मसुदा आला तेव्हां तो सर्व भाषांत द्या असें दिल्लीच्या हायकोर्टाला ३० जून २०२० रोजीं सांगावें लागलें. कायदा ज्याला बांधतो त्याला तो समजलाच पाहिजे, ही साधी गोष्ट कोर्टाकडून वदवून घ्यावी लागते, यावरून काय तें ओळखा.

आतां काळी पट्टी मारणाऱ्या साहेबाला कायदा काय सांगतो तें ऐका. माहितीचा अधिकार देणारा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अंमलांत आहे. त्याचें कलम ८ कोणती माहिती नाकारतां येते तें सांगतें. कलम १० सांगतें कीं कागदांतला कांहीं भाग नाकारण्याजोगा असला तर तेवढाच वेगळा काढावा आणि बाकीचा कागद द्यावा. म्हणजे झांकण्याला परवानगी आहे. पण ती राख्यासारखी आहे. राखा एक झाड राखतो म्हणून सगळ्या रानाला कुंपण घालूं शकत नाहीं. त्याच कलमांत पुढें असें आहे कीं भाग झांकून कागद देतांना अधिकाऱ्यानें अर्जदाराला लेखी कळवलें पाहिजे: कांहीं भाग वेगळा काढला आहे, कां काढला, आणि हा निर्णय कोणी दिला त्याचें नांव व हुद्दा. वाचकहो, हें पुन्हां वाचा. हरताळ फासणाऱ्यानें आपलें नांव सांगायचें आहे! पोथीच्या लेखकावरही असें बंधन नव्हतें. परंतु 'रिडॅक्ट केलें आहे' एवढा एकच शब्द तोंडावर फेंकला कीं हीं तिन्ही उत्तरें द्यावीं लागत नाहींत, कारण विचारणाऱ्याला तीं विचारायची असतात हेंच ठाऊक नसतें. शब्दाचा खरा उपयोग येथें आहे.

अलीकडे या कुंपणाला एक मोठें भगदाड पाडलें आहे. पूर्वीं कलम ८ मध्यें असें होतें कीं एखाद्याची खाजगी माहिती सार्वजनिक कामाशीं संबंध नसेल तर नाकारावी. पण लोकहित मोठें असेल तर द्यावी. आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारतां येत नाहीं ती कोणाही माणसाला नाकारतां येणार नाहीं, असा थोर न्याय त्यांत होता. पेण-पालघरचा मजूर आणि मुंबईचा आमदार त्या एका ओळींत एका पंक्तीला बसले होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानें ती ओळ काढून टाकली. आतां माहिती 'वैयक्तिक' आहे एवढें म्हटलें कीं ती नाकारतां येते. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्यें अंमलांत आली. कायद्याच्या पोथीवरच हरताळ फासला गेला. आणि त्यावर शुद्ध अक्षर कांहीं लिहिलें नाहीं.

याचा परिणाम कोठें होईल? हजेरीपटावर नांवें असतात. रेशनच्या यादींत नांवें असतात. भरपाईच्या यादींत नांवें असतात. घरकुलाच्या यादींत नांवें असतात. ठेकेदाराचेंही नांवच असतें. आपण कामावर नसतां आपल्या नांवें मजुरी कोणी उचलली, मेलेल्या माणसाच्या नांवें धान्य कोणी नेलें, आपल्या खाचरापुढें भरपाई घेणारा कोण लागला, हें नांव वाचल्याशिवाय कसें कळणार? नांवच झांकलें तर चोरी कागदावर तशीच राहते आणि चोर तेवढा नाहींसा होतो.

कोणी म्हणेल, "तुम्ही तर सगळेंच उघडें मागतां. माणसाला खाजगी कांहीं नसावें काय?" असावें, आणि आहे. अत्याचार झालेल्या मुलीचें नांव झांकलेंच पाहिजे. ठेकेदाराची किंवा दारूवाल्याची खबर देणाऱ्या गरिबाचें नांव झांकलेंच पाहिजे, नाहींतर त्याचें घर रात्रीं जळेल. कोणाचा आजार, कोणाचा बँकेच्या खात्याचा नंबर, कोणाचा आधार नंबर, हें चव्हाट्यावर मांडण्याचें कारण नाहीं. हा हरताळ पोथीला कसरीपासून वांचवणारा हरताळ आहे; तो आम्हांलाही हवा. आमची कसोटी सोपी आहे. झांकलेल्या जागेखालीं कोण आहे तें विचारा. खालीं दुबळा असेल तर पट्टी राहूं द्या. खालीं सरकारी पैसा घेणारा, सरकारी सही करणारा, लोकांच्या जमिनीवर निर्णय देणारा असेल, तर त्याला खाजगीपणाचें पांघरूण नको. सार्वजनिक ताटांत जेवणाऱ्यानें तोंड झांकूं नये. कायद्यांतही अजून कलम ८ चें दुसरें पोटकलम उभें आहे: होणाऱ्या नुकसानापेक्षां लोकहित मोठें असेल तर माहिती देतां येते. ती एक ओळ अजून पुसलेली नाहीं. तिचा उपयोग करा, तोंवर ती आहे.

आतां करायचें काय तें सांगतों, आणि तें आज करण्यासारखें आहे. अर्ज मराठींत करा. तो हक्क आहे. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाहीं. ज्याला लिहितां येत नाहीं त्यानें तोंडानें सांगावें; तें लिहून घेण्यास मदत करणें हें कायद्यानें जन माहिती अधिकाऱ्याचें काम ठरवलें आहे. तुमचा अंगठा घेण्यासाठीं शंभर वर्षें लेखणी धांवली. आतां तुमचा प्रश्न लिहिण्यासाठीं ती चालूं द्या. काळी पट्टी असलेला कागद आला तर घरीं जाऊं नका; तीन गोष्टी लेखी मागा: कोणतें कलम, कोणतें कारण, कोणाचा निर्णय. उत्तर तीस दिवसांत आलें नाहीं किंवा पटलें नाहीं तर वरच्या अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत पहिलें अपील करा. तेथें न्याय न मिळाल्यास नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरें. अपिलांत नकार योग्य होता हें सिद्ध करण्याचें ओझें अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाहीं. विनाकारण माहिती अडवणाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तींत जास्त २५,००० रुपये दंड आहे.

एकट्यानें जाऊं नका. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके पुरे अनुसूचित क्षेत्रांत आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यानें येथें ग्रामसभेला जमीन घेण्यापूर्वीं विचारलें जाण्याचा हक्क आहे. ग्रामसभेंत एखादा कागद आला तर तो मोठ्यानें, मराठींत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा असें सांगा. शाळेंत जाणाऱ्या आपल्या मुलीला उभी करा आणि तिच्याकडून वाचवा. वाचतां वाचतां जेथें काळी पट्टी येईल तेथें तिनें थांबावें, आणि सगळ्या सभेनें विचारावें, "येथें काय होतें?" त्याचें उत्तर येईपर्यंत ठरावावर अंगठा नको, सही नको, हात वर नको. हाच तो दुसरा हरताळ, पाळायचा. झरीच्या लोकांनीं वेठीचें काम थांबवलें; आपण न वाचलेल्या कागदावरची सही थांबवूं.

आणि उद्यां कोणी साहेब म्हणाला, "हा भाग रिडॅक्ट केला आहे," तर भिऊं नका, त्या शब्दाला आतां तुम्ही ओळखतां. त्याला आपल्या मराठींत विचारा: "साहेब, हरताळ फासलात तो कोणाच्या नांवावर, आणि फासणाऱ्याचें नांव काय?"